प्रार्थना न करताही संदेश उत्तम झाला. मग ‘आत्म्याच्या सामर्थ्याने’ याचा अर्थ काय?

शनिवारचा_सेवक (धागाकर्ता)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी पाळक (मंडळीचा धर्मगुरू) नाही. नगर जिल्ह्यातील एका मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे कारभारात हातभार लावणारा ज्येष्ठ सभासद, आहे आणि गेली चौदा वर्षे महिन्यातून एकदा तरी रविवारच्या उपासनेत संदेश देतो. शिक्षकी पेशामुळे बोलण्याची सवय आहे, आवाज बरा आहे, आणि कोणत्या वाक्यानंतर क्षणभर थांबले म्हणजे माणसे मान वर करून पाहतात, हेही आता कळू लागले आहे.

दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या परीक्षा आणि घरातले लग्न एकाच आठवड्यात आले. त्या आठवड्यात संदेशासाठी मी एकदाही गुडघे टेकले नाहीत. रविवारी सकाळी जुनी वही काढली, सहा वर्षांपूर्वीचे मुद्दे नव्या उदाहरणांनी सजवले आणि उभा राहिलो. संदेश उत्तम झाला. दाराशी नेहमीपेक्षा जास्त लोकांनी हात हातात घेतला, एका आजींचे डोळे भरून आले होते. घरी परतताना मात्र मला भीती वाटली. मी देवाला न विचारता त्याच्या नावाने पंचवीस मिनिटे बोललो होतो, आणि त्यातला फरक कोणालाही, अगदी मलासुद्धा, कळला नव्हता.

बळाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने, हे जखऱ्याच्या चौथ्या अध्यायातील वचन आमच्या मंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. मी त्याच भिंतीसमोर उभा होतो. उपजत गुण आणि सराव यांच्या बळावर तेच काम तितकेच चांगले होत असेल, तर या वचनाला व्यवहारात काय अर्थ उरतो? कृपा करून ‘प्रार्थना वाढवा’ एवढेच उत्तर देऊ नये. ते मला ठाऊक आहे.

काळी_पाच

दादा, आपला प्रामाणिकपणा आवडला, तरी या विषयाची मला आधीपासूनच थोडी धास्ती आहे. मी मंडळीत पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. ‘गुणांवर विसंबू नका, आत्म्यावर विसंबा’ हे वाक्य मी बहुतेक वेळा अशाच लोकांकडून ऐकले आहे, ज्यांनी आठवडाभर गाण्याला हात लावलेला नसतो. शनिवारी सात वाजता सरावाला बोलावले तर तिघे येतात, रविवारी सूर भलतीकडेच जातो, आणि काही बोललो की ‘देव अंतःकरण पाहतो’ असे ऐकावे लागते. देव अंतःकरण पाहतो हे खरेच आहे, परंतु मंडळीला त्याने कानही दिले आहेत.

निर्गमाचा एकतिसावा अध्याय पाहावा. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलेला, असे तेथे ज्या बसालेलाविषयी म्हटले आहे, तो उपदेशक नव्हता. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांत काम करणारा कारागीर होता. पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात मंदिरातील २८८ गायकांची नोंद आहे आणि ते सर्व शिकलेले व निपुण होते, असे मुद्दाम सांगितले आहे. इंग्रजीत गुणाला ‘टॅलेंट’ म्हणतात, तो मुळात पैशाच्या मोठ्या मापाचा शब्दही मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखल्यातूनच रूढ झाला. आपल्या प्रचलित मराठी बायबलात तेथे सरळ हजारांत रुपये आहेत, त्यामुळे हा धागा आपल्या लक्षात येत नाही, एवढेच. त्या दाखल्यात बोल लागला तो पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला.

तेव्हा आपला संदेश चांगला झाला यात मला काही वावगे दिसत नाही. चौदा वर्षांचा सराव आहे. तो अडचणीच्या आठवड्यात कामाला आला.

निवृत्त_पाळक

धागाकर्त्यांच्या प्रश्नाला शास्त्रात एक फार जवळचे उदाहरण आहे, आणि ते सुखद नाही. शास्ते, अध्याय १६, वचन २०. केसांशी ज्याचे अचाट बळ जोडलेले होते तो शमशोन, केस कापले गेल्यावर झोपेतून उठतो आणि म्हणतो की पूर्वीप्रमाणेच मी बाहेर पडून अंग झटकीन. परमेश्वर आपल्याला सोडून गेला आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. त्या कथेत त्याला फसवणारी दलीला, वस्तरा, डोळे काढणे हे सर्व आहे, पण मला सर्वांत भयंकर वाटतो तो ‘पूर्वीप्रमाणेच’ हा शब्द. सामर्थ्य गेल्याची चाहूल त्याच्या स्नायूंना लागली नाही.

माझ्या म्हणण्याचा अर्थ असा नाही की देव आपल्याला सोडून गेला. आजींचे अश्रू देवाकडूनच आलेले असू शकतात. देवाने बलामाच्या गाढवीच्या तोंडूनही खरेच वदवले होते; त्यावरून त्या गाढवीचे आध्यात्मिक जीवन किती खोल होते, याचा अंदाज करता येत नाही. म्हणूनच ऐकणाऱ्यांचा प्रतिसाद हे बोलणाऱ्याच्या स्थितीचे प्रमाण धरू नये, असे मी तरुण सेवकांना सांगत आलो.

पौलाने पहिल्या करिंथकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे लिहिले, ते कोणत्या गावाला लिहिले हे लक्षात घ्यावे लागते. करिंथ दोन बंदरांच्या मधले, व्यापाराचे आणि पैशाचे शहर होते. त्या जगात वक्तृत्व हा मानाचा व कमाईचा धंदा होता, आणि शिष्य आपापल्या वक्त्याची बाजू घेऊन भांडत. तोच रोग मंडळीत शिरला होता. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, अशा टोळ्या पडल्या होत्या. अशा गावी पौल म्हणतो की मी अशक्तपणे, भीत भीत, थरथर कापत तुमच्याकडे आलो. त्याने दिलेले कारण पाचव्या वचनात आहे: तुमचा विश्वास माणसांच्या ज्ञानावर नव्हे, तर देवाच्या सामर्थ्यावर उभा राहावा. म्हणजे त्याची काळजी ‘माझे भाषण कसे झाले’ ही नसून ‘ऐकणाऱ्याचा विश्वास कशाला टेकला’ ही आहे. हे त्या दिवशी दाराशी हात मिळवताना कळू शकत नाही.

एक स्वतःचा अनुभव लिहितो. एका मंडळीत माझ्या आधीचे पाळक अतिशय गुणी होते. गायन, वक्तृत्व, विनोद, सर्व काही होते. त्यांची बदली झाली आणि मी तेथे गेलो, तेव्हा वर्षभरात मागचे बाक रिकामे झाले. त्या वेळी मी ते माझ्या रटाळ बोलण्याचे फळ मानले आणि मनात मत्सरही धरला. पुढे त्या रिकाम्या बाकांवरच्या लोकांच्या घरी जाऊ लागलो तेव्हा लक्षात आले की त्यांच्यापैकी अनेकांना त्या पाळकांची वाक्येच्या वाक्ये पाठ होती, पण संकटात स्वतःहून प्रार्थना करता येत नव्हती. दोष त्या पाळकांचा होता, असेही मी म्हणणार नाही. आम्ही सर्वांनीच त्यांना फार टाळ्या दिल्या होत्या.

काळी_पाच

पाळकसाहेब, पटले, तरी एक शंका राहते. करिंथकरांस लिहिलेले ते पत्र स्वतःच उत्तम रचनेचे आहे. प्रीतीवरचा तेरावा अध्याय काही थरथरत्या हाताने लिहिलेला वाटत नाही.

निवृत्त_पाळक

अगदी खरे. गमलिएल या नामवंत धर्मशास्त्र्याच्या पायाशी शिकलेल्या पौलासारख्या माणसाला आपले शिक्षण अंगरख्यासारखे काढून ठेवता येत नाही. त्याने ते लपवले नाही, फक्त त्यावर भिस्त ठेवली नाही. यातला फरक समजावून सांगणे अवघड आहे, हे मान्य करतो.

केडगाव_लाइन

हा फरक मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आमचे घर दौंड तालुक्यात आहे आणि रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनच्या आवारात लहानपणापासून जाणे-येणे आहे.

उपजत गुणांचा विचार केला तर रमाबाईंची बरोबरी करील असे फार थोडे लोक महाराष्ट्राच्या मंडळीत झाले असतील. लहान वयात भागवत मुखोद्गत, संस्कृतात अस्खलित व्याख्यान, १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, आणि १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही आठ वर्षे रिकामी नव्हती, हे लक्षात घ्यावे. त्याच काळात त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, मदत उभी केली, संस्था उभारली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही कमी दिसले नसते. धागाकर्त्यांची भीती रमाबाईंना अनोळखी नव्हती, असे मला वाटते.

आता १९०५. जानेवारीत त्यांनी मुक्तीमधील मुलींना आध्यात्मिक जागृतीसाठी रोज आपल्याबरोबर प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तर जणी पुढे आल्या. जागृती सुरू झाली तोवर दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली होती. जूनच्या अखेरीस एके संध्याकाळी रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या, आणि समोरच्या मुली एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. आवाज इतका वाढला की रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

मी या एका प्रसंगाशी नेहमी थबकते. कलकत्त्याच्या पंडितांना ज्यांनी वाणीने थक्क केले होते, त्यांचे बोलणे मध्येच तुटले आणि त्यांनी ते तुटू दिले. पुढे गावोगाव साक्ष द्यायला ज्या टोळ्या निघाल्या, त्यांत बहुतांशी दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या. त्यांच्याकडे पदव्या नव्हत्या.

एवढ्यावर थांबले तर काळी_पाच म्हणतील की बघा, पुन्हा शिक्षणाला कमी लेखले. म्हणून पुढची गोष्ट. याच जागृतीच्या वर्षांत आणि नंतर अखेरपर्यंत रमाबाई इब्री (हिब्रू) आणि ग्रीक घेऊन बायबलच्या भाषांतराला बसल्या होत्या. आत्मा आला म्हणून व्याकरण सुटले नाही. कोश, मूळ पाठ, मुद्रिते तपासणे, मुक्तीच्याच छापखान्यात मुलींकडून खिळे जुळवून घेणे, हे सर्व वर्षानुवर्षे चालले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

त्या भाषांतरात त्यांनी काय केले, तर संस्कृत शब्द शक्य तेथे टाळले. खेड्यातल्या, अर्धशिक्षित बाईला वाचून समजावे, एवढ्यासाठी. ज्या भाषेने त्यांना ‘सरस्वती’ केले, तीच भाषा त्यांनी ओळीओळीतून काढून टाकली. संस्कृत येत नसलेल्या माणसाला हे जमले नसते, कारण काय टाळायचे हेच त्याला कळले नसते. भाषांतर वाङ्मय म्हणून यशस्वी झाले का, याविषयी मतभेद आहेत, आणि मलाही काही ठिकाणी ते ओबडधोबड वाटते. परंतु गुण हाताशी असताना त्याचा उपयोग स्वतःच्या नावाविरुद्ध करणे कसे असते, हे त्यात पाहायला मिळते.

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे साक्रामेंताची (पवित्र संस्काराची) परिणामकारकता धर्मगुरूच्या गुणावर अवलंबून नसते, अशी स्पष्ट शिकवण आहे. फादरांचा आवाज बसलेला असला, प्रवचन कंटाळवाणे झाले, तरी मिस्सा (मुख्य उपासनाविधी) मिस्साच राहते. याचा फायदा असा की भाविक निश्चिंत असतात. तोटा असा की काही फादरही निश्चिंत होतात.

संत जॉन मेरी व्हियानी यांचे नाव येथे यायलाच हवे. लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीतून (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेतून) त्यांना परत पाठवले होते. १८१५ मध्ये कसाबसा गुरुदीक्षेचा संस्कार झाला आणि १८१८ मध्ये फ्रान्समधील आर्स नावाच्या अडीचशे माणसांच्याही आतल्या खेड्यात त्यांची नेमणूक झाली. तेथे ते १८५९ मध्ये मरेपर्यंत राहिले. शेवटच्या वर्षांत पापनिवेदन ऐकायला ते दिवसाचे सोळा-सोळा तास बसत आणि लांबलांबून लोक येत. आज ते सर्व पॅरिश धर्मगुरूंचे आश्रयदाते संत मानले जातात.

आणि त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आपले फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज माणसाने मराठी इतकी आत्मसात केली की १६१६ मध्ये त्याचे क्रिस्तपुराण छापून निघाले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ही प्रतिभा नव्हे तर काय? देवाने एकाला लॅटिन न येण्यातून वापरले आणि दुसऱ्याला मराठी येण्यातून. त्यामुळे ‘दुबळा तोच आध्यात्मिक’ हे समीकरण मला मान्य नाही.

शनिवारचा_सेवक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वसईकरांच्या उदाहरणावरून लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड टिळक एवढे मोठे कवी, पण ख्रिस्ताच्या जीवनावरील ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे दहाच अध्याय लिहून १९१९ मध्ये गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहून ते पुरे केले. हे तर गुणावाचूनच्या सामर्थ्याचेच उदाहरण नाही का?

केडगाव_लाइन

नाही, दादा. येथे मी आपल्याला अडवते. शाळा नसणे आणि गुण नसणे या दोन गोष्टी आपण एकत्र केल्यात. लक्ष्मीबाईंची प्रतिभा उपजतच होती, आणि गद्यात तर ती नवऱ्यापेक्षा सरस होती, असे माझे मत आहे. बायकांनी काही मोठे केले की ते देवाने केले आणि पुरुषांनी केले की ते बुद्धीने केले, ही आपल्या मंडळ्यांतली जुनी खोड आहे.

टिळकांचेच उदाहरण हवे असेल तर १९१७ घ्या. नाव, कवित्व, अमेरिकन मराठी मिशनमधील पगारी काम, सर्व असताना त्यांनी ते वेतन सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज सुरू केला. भजने तीच राहिली, गळा तोच राहिला. आधार तेवढा बदलला.

शनिवारचा_सेवक (धागाकर्ता)

खोड मान्य. माफी असावी.

ओट्यावरची

मी सहसा येथे फक्त वाचते. माझी आजी शेवगावच्या बाजूला बायबल बाई (घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणारी सेविका) म्हणून काम करीत असे. ती चाळिशीत वाचायला शिकली आणि शेवटपर्यंत बोट ठेवून, अडखळतच वाचत असे. तिच्याबरोबर आणखी एक बाई असत. त्या सेमिनरीत प्रशिक्षण घेतलेल्या, गोड गळ्याच्या, आणि स्वभावानेही खरोखर चांगल्या. लोक त्यांना गाणे म्हणायला लावत आणि आजीला आजाऱ्याजवळ बसायला बोलावत.

लहानपणी मी आजीबरोबर जात असे. कोणाच्याही घरात शिरण्याआधी ती ओट्यावर थोडा वेळ गप्प बसे. मला वाटे, दमली असेल. एकदा विचारले तर म्हणाली, “आत काय बोलायचं ते मला येत नाही गं, म्हणून विचारून घेते.” मला वाटते धागाकर्त्यांचा प्रश्न येथेच आहे. आजीला बोलायला येत नव्हते, म्हणून ओट्यावर बसणे तिला भाग होते. ज्याला बोलायला येते, त्याला कोणीही ओट्यावर बसवू शकत नाही. त्याला स्वतःहूनच बसावे लागते, तेही दार उघडे असताना आणि आतले लोक ‘या, या’ म्हणत असताना. माझ्या मते ते आजीच्या कामापेक्षा अवघड आहे.

जाता जाता, त्या दुसऱ्या बाई म्हातारपणी आवाज गेल्यावर फार खचल्या. आजी त्यांच्याकडे दर गुरुवारी जात असे.

काळी_पाच

ताई, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. सरावाचा माझा आग्रह मी सोडणार नाही. मात्र एक गोष्ट कबूल करतो. गेल्या नाताळात कॅरोलच्या वेळी वीज गेली, कीबोर्ड बंद पडला, आणि लोक माझ्यावाचून अंधारात गात राहिले. चांगले गायले. सर्वांना तो सुंदर प्रसंग वाटला. मला राग आला होता. तो राग कशाचा होता, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

निवृत्त_पाळक

अपुल्लोसाची एक गोष्ट सांगायची राहिली, ती आता दोघांसाठी उपयोगी पडेल. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८. तो वक्तृत्वसंपन्न होता, शास्त्रात प्रवीण होता, आणि इफिसच्या सभास्थानात धैर्याने बोलत होता. तरी त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला आपल्या घरी नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. एवढा मोठा वक्ता कारागिरांच्या घरी शिकायला बसला, आणि बाहेर पडल्यावर त्याचे वक्तृत्व पूर्वीइतकेच होते. दादा, आपल्या मंडळीत आपल्याला घरी बोलावून चूक सांगेल असे कोणी आहे का? गुणी सेवकाला असे माणूस सहसा उरत नाही.

शनिवारचा_सेवक (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पाळकसाहेबांच्या प्रश्नाने मला अडचणीत टाकले, कारण असे कोणी नव्हते. शेवटी ज्या आजींच्या डोळ्यांत पाणी आले होते, त्यांच्याकडेच शनिवारी संध्याकाळी गेलो आणि त्या आठवड्यात मी प्रार्थना केली नव्हती, हे सांगून टाकले. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे दोनदा, मोठ्याने सांगावे लागले. शेजाऱ्यांनीही ऐकले असणार. त्या म्हणाल्या की त्या दिवशी त्यांच्या दिवंगत मुलाचा वाढदिवस होता आणि माझ्या संदेशातले त्यांना फारसे ऐकूच आले नव्हते.

मग त्यांनी विचारले की उद्या कोणासाठी बोलणार आहेस. मी म्हणालो, मंडळीसाठी. त्या म्हणाल्या, नावे सांग. मला चार नावांपुढे जाता येईना. त्यांनी उरलेली सांगितली. कोणाचे शस्त्रक्रियेचे ठरले आहे, कोणाच्या घरी बोलणे बंद आहे, कोणाचा मुलगा पुण्याहून परत आला आहे आणि बाहेर पडत नाही. तासभर आम्ही त्या नावांसाठी प्रार्थना केली. घरी येऊन पाहिले तर तयार केलेल्या संदेशातील पहिली दोन पाने त्यांच्यापैकी कोणाच्याही उपयोगाची नव्हती. ती काढून टाकली. उरलेल्यावर रात्री साडेअकरापर्यंत बसलो, म्हणजे सराव कमी झाला नाही, वाढलाच.

रविवारी संदेश सतरा मिनिटांत संपला. दाराशी कोणी विशेष काही म्हणाले नाही. पुण्याहून आलेल्या मुलाच्या वडिलांनी मात्र बुधवारी घरी येता का, असे विचारले. बुधवारी गेलो. मुलगा खोलीबाहेर आला नाही. त्याच्या वडिलांबरोबर पायरीवर बसून चहा घेतला आणि परत आलो. पुढच्या बुधवारी पुन्हा जाणार आहे.

ओट्यावरची

त्या मुलासाठी आमच्या गुरुवारच्या घरप्रार्थनेत प्रार्थना करू. नाव येथे लिहू नका.

काळी_पाच

दादा, आपल्या मंडळीत पेटी कोण वाजवते? पुढच्या महिन्यात नगरला येणार आहे. आपल्या संदेशाच्या रविवारी आलो तर गाण्यांचे क्रमांक गुरुवारपर्यंत कळवा. शनिवारी सरावाला बसू, आणि सरावाआधी त्या आजींकडे जाऊन येऊ.